शकूचा ब्लेझर

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. त्या ब्लेझरवर माझा डोळा होता. अजूनही आहे. सत्तरी जवळ आली, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, नातवंडं नोकरीला लागली, तरी माहेरच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की माझी नजर आधी देवाकडे जात नाही, भावजयीकडे जात नाही, ती जाते काचेच्या शोकेसकडे. तिथे लाकडी हँगरला तो टांगलेला असतो. गडद निळा, खिशावर सोनेरी जरीत विद्यापीठाचं चिन्ह, त्याखाली 'खो-खो' ही अक्षरं आणि समोर तीन पितळी बटणं. बटणं आता काळी पडली आहेत आणि डाव्या खांद्याला कसरीने एक भोक पाडलंय. ते भोक मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा काय वाटलं ते विचारू नका. बरं वाटलं.

ब्लेझर माझा नाही. माझ्या चुलत बहिणीचा, शकूचा. ती तात्यांची मुलगी. तात्या म्हणजे माझे थोरले काका, घराचे कारभारी. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. माझे वडील धाकटे, ते टेम्पो चालवायचे आणि घरात फारसं बोलायचे नाहीत. मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता. आता तिथे सात मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीचं नाव 'झेंडू हाइट्स' आहे, हे मी थट्टेने सांगत नाही. तेव्हा मात्र कालव्यापर्यंत सगळी फुलंच होती. झेंडू, शेवंती, गुलछडी, बांधाला थोडी अष्टर. आम्ही माळी, फुलं लावायची, तोडायची, ओवायची आणि उजाडायच्या आत गंगेवरच्या फुलबाजारात पोचवायची. बाहेरचे लोक गोदावरी म्हणतात, आम्ही नाशिकचे गंगाच म्हणतो.

आमच्या घराचा दिवस आवाजावरून कळायचा. पहिला आवाज विहिरीवरच्या मोटारीचा, दुसरा तात्यांच्या खोकल्याचा, तिसरा गोणपाटावर पाणी शिंपडल्याचा. ओल्या गोणपाटावर फुलांचा ढीग पडला की त्याभोवती बायका बसायच्या. माझी आई, काकू, शेजारच्या मळ्यातली एखादी, आणि हात चालायला लागल्यापासून आम्ही दोघी. बोटांना झेंडूचा हिरवट काळा रंग बसायचा, तो साबणाने जायचा नाही, चिंचेने जायचा. शाळेत बाई हात पुढे करायला लावत तेव्हा माझेच हात काळे आणि शकूचे गोरेपान. जेवायला बाजरीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा, तेही ढिगाशेजारीच. आणि सगळ्या गावात पुरणपोळी दसऱ्याला व्हायची, ती आमच्याकडे द्वादशीला व्हायची. दसऱ्याचा दिवस बाजारात जायचा, दुसऱ्या दिवशी एकादशीचा उपास, मग उरली द्वादशी. शाळेतल्या मैत्रिणी सोनं वाटायला यायच्या तर घरात चिटपाखरू नसायचं.

हार ओवण्यात माझा हात लवकर बसला. ओवणं सोपं दिसतं, पण नाही. फुलाचा देठ नखाने नेमका खुडायचा, सुई बरोबर मधोमध घालायची, फुलाचं तोंड बाहेर राहिलं पाहिजे, आणि अंगठ्याने ते मागच्या फुलाला असं टेकवायचं की मध्ये दोरा दिसता कामा नये. एक फूल जरी बाजूने टोचलं तर पूर्ण हार मान वाकडी करतो. मी पाचवी-सहावीतच बायकांच्या बरोबरीने ओवायला लागले. काकू कौतुकाने म्हणायची, विमलचा हात म्हणजे मशीन. तात्या कुणाच्याच हाराला छान म्हणत नसत. हार उचलून, उजेडाकडे धरून, बोटांतून एकदा फिरवून बघत आणि फार खूश झाले तर म्हणत, "चालंल." तेवढं एक 'चालंल' ऐकलं की माझं पोट भरायचं.

शकूला ते कधीच ऐकायला मिळालं नाही. तिचं ओवणं म्हणजे सगळा आनंद. देठ कधी लांब, कधी मुळासकट, सुई कुठून घातली ते तिचं तिला ठाऊक. मधूनच बोटात टोचून घ्यायची आणि तोंडात बोट घालून बसायची. कधी दोरा कच्चा, कधी सुई बोथट, कधी फुलं ओली. काकूच तिला म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. काकूने तिला मारून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, माझ्या शेजारी बसवून पाहिलं की बघून तरी शिकेल. शकू माझ्या हाताकडे टक लावून बघायची आणि परत तसाच वाकडा हार करायची. मग तो उसवून पुन्हा ओवायचं काम माझं. शेवटी काकूने हात टेकले. हिच्या हाताला वळणच नाही, म्हणाली, आणि तिला फुलं खुडायला, पाणी भरायला, कुठं काय निरोप द्यायला पाठवायला लागली. ती कामं अर्ध्या तासात व्हायची. मी तिथेच.

सातवीला शाळेची सहल निघाली होती, वेरूळला. दिवाळीच्या तोंडावर. लक्ष्मीपूजनाच्या हारांच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. शकू गेली, मी राहिले. ती परत आली तेव्हा माझ्यासाठी दगडाचा एक छोटा हत्ती घेऊन आली. ती दारात आली तेव्हाही मी सुई हातात धरूनच रडत होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून आईने पदराने पुसले. "अगं, तुझ्यावाचून आमचं पान हलत नाही," आई म्हणाली. तिला ते कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, तेच वाईट झालं.

कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्गात. सायकल घरात एकच. चालवायची मी, मागे बसायची शकू. खो-खोत मात्र आम्ही दोघी दोन टोकं. ज्यांनी खो-खो पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बाजूचे आठ जण दोन खांबांच्या मध्ये ओळीत, एकाआड एक उलट तोंड करून बसतात, नववा धावत पाठलाग करतो, आणि दुसऱ्या बाजूचे गडी त्या ओळीतून पळतात. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. ओळीतल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यायचा, मग तो उठून पळणार. मी पाठलागात. खांबाशी गडी वळायला लागला की मी सूर मारून त्याला लोळवायची. कोपरं सोलून निघायची, पण गडी बाद. आमचे गायकवाड सर म्हणायचे, विमल खांबाला आली की समोरच्याने प्रार्थना करावी. शकू पळण्यात. ती वेगाने मोठी नव्हती, सूरही मारत नसे, पण तिची हुलकावणी भल्याभल्यांना कळली नाही. डावीकडे झुकायची, अंग असं टाकायची की समोरची मुलगी डोळे झाकून तिकडे झेपावायची, आणि ही उजवीकडून आरामात चालत निघून जायची. बाद झालेल्या चेहऱ्याने पळायची आणि बाद व्हायची नाही.

कॉलेजच्या संघात आम्ही दोघी होतोच. शेवटच्या वर्षाला सरांनी दोघींची नावं विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवली. विद्यापीठाच्या संघात निवड होणं म्हणजे काय, ते आता सांगून कळायचं नाही. बाहेरच्या राज्यात रेल्वेने जायचं, विद्यापीठाच्या नावाने खेळायचं आणि परत आल्यावर मिळायचा ब्लेझर. जिमखान्याच्या खोलीत कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेल्या, खेळाडूंचे फोटो भिंतीला ओळीने लावलेले होते, सगळे ब्लेझर घालून, छाती काढून. त्यात मुलगी एकही नव्हती. सरावाला जाताना मी रोज त्या भिंतीपाशी थांबायची आणि शेवटच्या फोटोशेजारची मोकळी जागा बघायची. तिथे खिळा आधीच मारलेला होता. तो खिळा मी माझा धरून चालले होते.

चाचणी होती सिन्नरच्या कॉलेजच्या मैदानावर, आणि ती आली नेमकी खंडेनवमीला. म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. ज्या कुणी तो दिवस ठरवला त्याच्या घरी फुलांचा मळा नसणार. नवरात्रात झेंडूला जो भाव असतो तो नंतर वर्षभर नसतो. खंडेनवमीला लोक हत्यारांना, गाड्यांना, दुकानांना हार घालतात आणि दसऱ्याला दारोदार तोरणं. त्या दोन दिवसांवर आमचं वर्ष चालायचं. मी घरी विषयच काढला नव्हता. दोघींनी पहाटे उठून निघून जायचं आणि आल्यावर बोलणी खायची, असा माझा बेत होता. शकू म्हणाली, असं नको, सरांनाच घरी बोलावू. मला तिचं तेव्हा पटलं होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी सर सायकलवर आले. अंगणात फुलांचे डोंगर, पाय ठेवायला जागा नाही. तात्यांनी बाजेवर बसवलं, काकूने चहा दिला. सरांनी सगळं सांगितलं, की दोघींचीही निवड होण्यासारखी आहे, कॉलेजचं नाव होईल, संध्याकाळपर्यंत पोरी परत घरी. तात्या ऐकत होते आणि एकीकडे हार बोटांतून फिरवून तपासत होते. त्यांनी चिडचिड केली नाही. मुलींनी खेळू नये असलंही काही म्हणाले नाहीत, त्या बाबतीत माणूस मोकळा होता.

"मास्तर," तात्या म्हणाले, "उद्या या घरात देव जरी आला ना, तरी त्याला सुई-दोरा धरावा लागंल. तरी तुम्ही आला म्हणून एक पोरगी देतो. दोन नाय."

सरांनी विचारलं, कोणती?  मी सुई थांबवली नाही, पण माझे कान लाल झाले होते ते मला कळत होतं. तात्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. शकूच्या मांडीवर अर्धा ओवलेला हार होता, कुत्र्याच्या शेपटीसारखा वाकडा.

"शकूला न्या," ते म्हणाले. "तिचा इथं काय उपयोग नाय."

सर माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले, की विमल जरा जास्त... तेवढ्यात माझी आई बोलली. माझी सख्खी आई, जिने कधी तात्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं, ती त्या दिवशी अभिमानाने पुढे झाली. "विमल नको हो सर. तिचा हात उठला तर आमचा निम्मा बाजार उठला."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शकूने मान खाली घातली होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तात्यांचा राग आला, की स्वतःची पोरगी पुढे केली; आईचा आला, वडील टेम्पोच्या टपाला दोरी बांधत राहिले त्याचा आला. पण खरं सांगायचं तर राग वरवरचा होता. खाली होता तो हेवा, आणि तो फक्त शकूचा.

सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटलेला निघाला. मग आईनेच माझे बूट काढून दिले. ते तिला बोटभर मोठे होते, तिने पुढे चिंध्या कोंबल्या. माझे बूट सिन्नरला गेले आणि मी गोणपाटावर बसले. त्या दिवशी मी जेवढे हार ओवले तेवढे परत आयुष्यात ओवले नाहीत. सुई फुलात जात होती आणि मन सिन्नरच्या मैदानावर. आता एसटी पोचली असेल. आता शिट्टी झाली असेल. आता ती माझे बूट घालून खांबाला वळत असेल. वडिलांनी दुपारी बाजारातून येताना सगळ्यांना मिसळ आणली. एरवी मी रस्सा दोनदा मागून घ्यायची. त्या दिवशी पाव हातात धरून बसले, आणि पावाला झेंडूचा वास येत होता.

मनापासून एकच इच्छा करत होते, की तिला घेऊ नये. देवीसमोर नवमीला अशी इच्छा करू नये हे कळत होतं, तरी करत होते. देवीने काही ऐकलं नाही. संध्याकाळी शकू आली, गुडघ्याला माती, चेहरा काळवंडलेला, आणि सर मागे पेढ्यांचा पुडा घेऊन. तिची निवड झाली होती. तात्यांनी तिला उचललंच. इतकी मोठी मुलगी उचलली. मग म्हणाले, "अरे, हार आणा हार!" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ओवला. पिवळा-केशरी आळीपाळीने, मध्ये शेवंतीचं पान, खाली गुलछडीचा गोंडा. मनात आलं होतं, एक फूल मुद्दाम वाकडं ओवावं, तिच्या गळ्यात मान वाकडी करून लोंबेल असं. सुई तिरकी धरूनही पाहिली. पण हात ऐकेना. वाईट हार करणं मला आलंच नाही. आयुष्यात मी ओवलेला सगळ्यात सुंदर हार तो असेल, आणि तो मी जळत जळत ओवला. तात्यांनी बघितला, बोटांतून फिरवला आणि म्हणाले, "छान." पहिल्यांदा. आणि तो हार नेऊन शकूच्या गळ्यात घातला.

पुढे ती कुठेकुठे जाऊन खेळून आली आणि ब्लेझर आला. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेला. अख्ख्या मळ्याने हात धुऊन धुऊन त्याला हात लावला. मी लावला नाही. तात्यांनी पंचवटीतून सुतार बोलावून शोकेस करून घेतली, आत बल्ब लावला. त्या आधी आमच्या घरात काचेमागे ठेवावं असं काही नव्हतंच. मग जो येईल त्याला ब्लेझर. व्यापारी आला, दाखव ब्लेझर. वायरमन आला, दाखव ब्लेझर. आणि खंडेनवमीला विळे, खुरपी, मोटार, टेम्पो यांच्या पूजेत तात्यांनी ब्लेझरही मांडायला सुरुवात केली. म्हणाले, हे शकूचं हत्यार. पहिल्याच वर्षी काकूने भक्तिभावाने जरीच्या चिन्हावर ओल्या हळदीची दोन बोटं ओढली. मग घाबरून साबण लावला, तर हळद लालभडक झाली आणि ब्लेझरला जखम झाल्यासारखी दिसायला लागली. शकू हसली. काकू रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन एक अख्खा पेढा खाल्ला. तो डाग चार दिवस उन्हात टाकल्यावर गेला, याचं मला वाईट वाटलं.

कळस तर पुढे झाला. मला बघायला पाहुणे आले, हॉलमध्ये बसवले. मुलाने शोकेसकडे बघून मला विचारलं, हा तुमचा का? मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, नाही नाही, आमच्या शकूचा. आमची विमल हार फार सुरेख करते. त्या मुलाशीच माझं लग्न झालं. माणूस सोन्यासारखा. पण त्यांनी त्या दिवशी 'अस्सं' म्हणून दाराकडे, शकू उभी होती तिकडे, जे बघितलं ते मी त्यांना चाळीस वर्षं ऐकवलं. अजूनही ऐकवते, ते कानातलं यंत्र काढून ठेवतात.

शकू पिंपळगाव बसवंतला पडली, द्राक्षाच्या बागाईतदाराकडे. ब्लेझर तात्यांनी सासरी नेऊ दिला नाही, घराची शोभा म्हणाले. मी पडले गावातच, पंचवटीत. जवळ असल्यामुळे दर खंडेनवमीला मला बोलावणं ठरलेलं, आणि पहिलं काम ठरलेलं, ब्लेझरचा हार. शकू दुपारी गाडीतून यायची, पाहुण्यासारखी खुर्चीवर बसायची, सगळ्यांना द्राक्षाच्या मनुका वाटायची. मी जमिनीवर बसून तिच्या ब्लेझरला हार ओवायची. आई गेली, तात्या गेले, काकू गेली, मळा गेला, तरी तो हार काही चुकला नाही. जिमखान्याच्या भिंतीवरही शकूचा फोटो लागला, त्याच खिळ्याला. आमच्या जुन्या खेळाडूंचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्यात दर दोन महिन्यांनी कुणीतरी तो टाकतं आणि खाली सगळ्यांचे अंगठे. मीही टाकते. अंगठा दाबताना मला बरंच काही वाटतं, पण त्याची चित्रं मोबाईलमध्ये नसतात.

गेल्या नवरात्रात मी न्हाणीघरात पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. तरी खंडेनवमीला गेले, सवयीने. माझा भाचा नीलेश, शकूच्या भावाचा मुलगा, म्हणाला, आत्या, यंदा हार बाहेरून आणू, आता तयार मिळतो. शकू खुर्चीवर होती. ती म्हणाली, कशाला बाहेरून? फुलं आण आणि सुई दे.

मला हसू आलं. मनात म्हटलं, चला, आज ब्लेझरच्या गळ्यात कुत्र्याची शेपूट. एवढी वर्षं वाट बघितली, देवीने शेवटी ऐकलं. मी मुद्दाम समोर खुर्ची ओढून बसले, बघायला.

शकूने चष्मा वर केला. पहिलं फूल उचललं, देठ नखाने खुडला, सुई मधोमध. दुसरं. तिसरं. अंगठ्याने मागे टेकवलं, दोरा दिसला नाही. पिवळं, केशरी, पिवळं, केशरी. आणि हे सगळं करताना ती हाताकडे बघतसुद्धा नव्हती. नीलेशच्या बायकोला सांगत होती की माझ्या चहात साखर नको. मी तो हात ओळखला. तसा हात एका दिवसात येत नाही, एका वर्षातही येत नाही. तो हात माझा होता.

"हे कधी शिकलीस?" मी विचारलं.

"शिकायला कुठे जायचं होतं?" शकू म्हणाली. "तुझ्या शेजारीच तर बसायचे."

"मग तेव्हा का नाही केलंस?"

 ती फुलं ओवत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वेरूळची सहल आठवते? तू सुई धरून रडत होतीस आणि सगळ्या बायका तुझं कौतुक करत होत्या. मी दारातून बघत होते. तोवर मला खरंच जमत नव्हतं, म्हणून तर सहलीला सोडलं. तेव्हाच ठरवलं, आपल्याला हे यायचं नाही."

 बारा वर्षांची पोर. काकूचा मार खाल्ला, टोमणे खाल्ले, बोटं टोचून घेतली, वर्षानुवर्षं. आणि मी तिचे वाकडे हार उसवत बसले.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला असावा, कारण नीलेशची बायको आतून डोकावली.

शकूने दोरा दाताने तोडला. "सांगून काय झालं असतं, विमल? दोघींचे हात वाईट निघाले असते, तर ओवणं जमेपर्यंत दोघींनाही उठू दिलं नसतं. तुझा हात चांगला होता, म्हणून मला सोडलं."

रडायला हवं होतं, भांडायला तरी हवं होतं. इतकी वर्षं मी तात्यांना बोल लावला, आईला लावला, त्या चाचणीचा दिवस ठरवणाऱ्याला लावला. आणि ही समोर बसली होती, चष्मा कपाळावर, पंचावन्न वर्षांपूर्वीच सगळं ओळखून बसलेली. मला राग आला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी पोटात जे पेटलं ते मी चांगलं ओळखते, त्याच्याबरोबर मी आयुष्य काढलंय. फक्त या वेळी ते त्या कसर लागलेल्या कापडासाठी नव्हतं. मला तिचं ते बारा वर्षांचं डोकं हवं होतं. ते आता कुठल्या शोकेसमधून काढून मिळणार होतं?

तिने हार पूर्ण केला, गोंडा बांधला आणि माझ्यापुढे धरला. "बघ गं," म्हणाली, "बरा झालाय का?"

मी डाव्या हाताने तो घेतला. खिडकीकडे धरला. बोटांतून एकदा फिरवला, मग परत एकदा, सावकाश, एकेक फूल बघत. एक तरी वाकडं असेल. एक तरी बाजूने टोचलेलं असेल. दोऱ्याचा कुठे एक पांढरा धागा तरी दिसेल.

शकू माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, लहानपणी तात्यांच्या तोंडाकडे मी थांबायची तशी.

"चालेल," मी म्हटलं.